सोमसूत्राच्या अलीकडे

"एकदाचं सांगून टाका बाई, तो एच शून्य आहे की नाही?"

प्रल्हाद मोकाशेने हे विचारलं तेव्हा त्याचा एक पाय ओवरीच्या पायरीवर होता आणि दुसरा अजून खाली, उन्हात.

निगुडकरबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"चपला," त्या म्हणाल्या.

त्याने चपला काढल्या.

"आता विचार."

"एच शून्य आहे की नाही?"

"बस आधी. एकवीस वर्षांनी आलास आणि एचची चौकशी करतोस. माझी तरी कर."

प्रल्हाद ओशाळला. खाली वाकून त्याने नमस्कार केला आणि फरशीवर मांडी घातली. शर्टाच्या खिशात चौपदरी घडी केलेला एक कागद होता. बसताना तो छातीला टोचला. तसा तो तीन आठवडे टोचतच होता.

गाव कृष्णाकाठचं. घाटाच्या वर महादेवाचं लहानसं देऊळ आणि देवळाला लागून दगडी ओवरी. बाईंनी गावच्या हायस्कुलात आणि त्याला जोडलेल्या ज्युनिअर कॉलेजात छत्तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात मन रमेना, म्हणून त्या दुपारी दोन ते पाच या ओवरीत येऊन बसू लागल्या. जवळ खडूचा डबा आणि एक ओलं फडकं. फळा म्हणजे पायाखालची काळी फरशी. ज्याला गणितात अडलं असेल त्याने यावं. गावातली पोरं त्या जागेला शंकेची ओवरी म्हणत. तिथे एक शंका घेऊन गेलेला माणूस दोन घेऊन परत येतो, पण त्याला झोप मात्र छान लागते, असा लौकिक होता.

प्रल्हाद त्यांचा विद्यार्थी. एके काळी तालुक्यात पहिला आलेला. आता शेजारच्या शहरात ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचा आणि ते त्याला चांगलंच माहीत होतं, म्हणजे आपण चांगलं शिकवतो हे. 'मोकाशे सरांचं दोन ओळींत विकलज' म्हटलं की पोरं दुसऱ्या वर्गातून उठून यायची.

ज्यांनी गणिताला दुरूनच नमस्कार केला असेल त्यांच्यासाठी सांगायचं तर, विकलज म्हणजे एखादी गोष्ट नेमक्या एका ठिकाणी किती झपाट्याने बदलते आहे त्याचं माप. सूत्रं पाठ असली की ते चुटकीसरशी निघतं. पण सूत्रं आली कुठून? ती आली व्याख्येवरून. व्याख्या सांगते: एक इवलंसं पाऊल पुढे टाका, त्या पावलाचं नाव एच. किती बदल झाला ते मोजा. त्या बदलाला एचने भागा. आणि मग एचला लहान, आणखी लहान करत शून्याकडे न्या.

इथेच सगळी गोम होती.

प्रल्हादच्या वर्गात कस्तुरी लोहार नावाची एक मुलगी होती. पुलापलीकडून सायकलने यायची, दुसऱ्या बाकावर बसायची, फारशी बोलायची नाही. तीन आठवड्यांपूर्वी ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, या ओळीत एच शून्य नाही म्हणून तुम्ही वरचा-खालचा एच खोडलात. पुढच्या ओळीत एच शून्य म्हणून काढून टाकलात. दोन ओळींच्या मध्ये तो शून्य केव्हा झाला?"

प्रल्हादने तोंड उघडलं. आत काही नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

सोळा वर्षं तो ते गणित शिकवत होता. या प्रश्नाकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. अशा वेळी 'मला माहीत नाही, उद्या सांगतो' एवढं म्हणणारा माणूस मोठा होतो. प्रल्हाद तालुक्यात पहिला आलेला होता, त्याला ते जमलं नाही. तो म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीत अडणाऱ्यांनी भूगोल घ्यावा."

वर्ग हसला. कस्तुरी बसली.

दुसऱ्या दिवशी तिचा अर्ज आला, गणिताऐवजी भूगोल मिळावा म्हणून. खाली दोन चौकटी: विषय शिक्षकाचा अभिप्राय आणि विषय शिक्षकाची परवानगी. तोच अर्ज आता त्याच्या खिशात होता. अर्ज द्यायची शेवटची तारीख उद्याची, सोमवारची. सही केली तर एक चांगली मुलगी गणितातून कायमची उठणार. नाही केली तर तिला समोर बसवून उत्तर द्यावं लागणार, आणि उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

त्या दिवसापासून ते गणित फळ्यावर आलं की त्याचा हात अडखळायचा. पोरांना वाटायचं, सरांना बरं नाही. ते खरंच होतं.

हे सगळं त्याने बाईंना सांगितलं का? नाही. तो एवढंच म्हणाला, "वर्गात एकीने विचारलं होतं. सहज आठवलं."

"हं," बाई म्हणाल्या. सहज आठवलेल्या गोष्टीसाठी कुणी रविवारी दुपारी एसटीने बत्तीस किलोमीटर येत नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी खडूचा डबा त्याच्याकडे सरकवला.

"एक छेद एक्स. विकलज काढ."

प्रल्हादला जरा अपमान वाटला. हे तर अगदीच किरकोळ! त्याने उभ्या उभ्या लिहावं तसं लिहून टाकलं: उणे एक छेद एक्सचा वर्ग.

बाईंनी फडकं घेतलं आणि पुसून टाकलं.

"बरोबर आहे, बाई."

"चूक कोण म्हणालं? हे सूत्र झालं. व्याख्येवरून काढ. आणि एक्स शून्य नाही, हे आधी लिही. अजून विसरतोस."

त्याने लिहिलं. एक्स शून्य नाही. मग पुढची ओळ: एक छेद एक्स अधिक एच, त्यातून वजा एक छेद एक्स, आणि त्या सगळ्याला भागिले एच.

"थांब," बाई म्हणाल्या. "ठेव इथेच एच शून्य."

"इथे नाही ठेवत."

"का? शेवटी ठेवतोसच ना? मग आत्ताच ठेव. तुला नाही तरी घाई असते."

त्याने मुकाट्याने ठेवला. वर एक छेद एक्समधून एक छेद एक्स गेला, शून्य. खाली एचच्या जागी शून्य.

"शून्य छेद शून्य," बाई म्हणाल्या. "म्हणजे किती?"

"काही नाही."

"काही नाही, की काहीही?"

"सांगता येत नाही, बाई."

"पूस."

त्याने पुसलं. आता तो नीट वाकून लिहू लागला. दोन अपूर्णांकांचा छेद समान केला. वर एक्स वजा, कंसात एक्स अधिक एच. एक्सला एक्स गेला. वर उरला उणे एच. खाली एच गुणिले एक्स गुणिले, कंसात एक्स अधिक एच.

किती वर्षांनी तो हे सावकाश करत होता. मध्येच त्याला बरंही वाटलं. इतकी सगळी गर्दी असते, आणि जे जे एचशिवाय आहे ते ते एकमेकांना मारून निघून जातं. वर फक्त एच उरतो, खालच्या एचला भेटायला.

"खोड," बाई म्हणाल्या.

त्याने दोन्ही एच खोडले.

"का खोडता आले?"

"एच शून्य नाही म्हणून."

"उरलं काय?"

"उणे एक, छेद एक्स गुणिले कंसात एक्स अधिक एच."

"पुढे?"

"आता एच बरोबर..."

खडू थांबला. वर्गात थांबायचा तिथेच.

"बरोबर काय?"

"शून्य."

"केव्हा झाला?"

नदीवर कुणीतरी कपडे धूत होतं, त्याचा धप्प धप्प आवाज येत होता. प्रल्हादने खडू खाली ठेवला, तो खरं तर आपटलाच.

"हेच! हेच तिने विचारलं होतं! मी उत्तर मागायला आलोय आणि तुम्हीही तेच विचारताय. मला माहीत नाही, बाई. मला माहीत नाही! सोळा वर्षं शिकवतोय आणि मला माहीत नाही."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला वाटलं, आता ओवरीचं छत कोसळणार. तसं काही झालं नाही. बाईंनी एक शेंग फोडली. आत तीन दाणे निघाले.

मग त्याने खिशातला कागद काढून त्यांच्यासमोर उलगडला आणि सगळं सांगितलं. भूगोलाचं. वर्ग हसला ते. कस्तुरी कशी बसली ते.

बाईंनी चष्मा लावून अर्ज वाचला, अक्षर न् अक्षर. मग घडी घालून त्याच्या हातात दिला.

"चांगलं अक्षर आहे पोरीचं," त्या म्हणाल्या. "जा, प्रदक्षिणा घालून ये."

"बाई, मी..."

"आलास तेव्हापासून देवाकडे पाठ करून बसलायस. जा."

प्रल्हाद उठला. मनात म्हणाला, म्हातारपणी बाईंचंही असं झालं तर. मी विचारतो काय, आणि या सांगतात काय! पण बाईंपुढे बोलायची टाप नव्हती, चाळिशी उलटली तरी. ऊन-सावलीचे पट्टे तुडवत तो नंदीपाशी गेला. दुपारची वेळ, गाभाऱ्याला कुलूप होतं. त्याने दारातूनच हात जोडले आणि देवळाला उजवीकडे घेऊन चालू लागला.

दक्षिणेची भिंत. मागची भिंत. मग उत्तरेची. उत्तरेला गाभाऱ्यातून एक दगडी पन्हळ बाहेर आलेली होती. पिंडीवर घातलेलं पाणी तिच्यातून बाहेर वाहतं. तिला सोमसूत्र म्हणतात. प्रल्हाद डोक्यात कस्तुरीलाच काहीतरी सांगत चालला होता, काय ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. पन्हळीपाशी तो थांबला, वळला, आल्या वाटेने परत नंदीपर्यंत आला, तसाच पुढे दुसऱ्या अंगाने जाऊन पुन्हा पन्हळीपाशी थांबला, आणि तिथून मागे फिरला.

ओवरीत परतला तेव्हा शेंगांची टरफलं एका बाजूला झाली होती आणि दाणे वाटीत.

"आलास?"

"आलो."

"पूर्ण झाली?"

"झाली."

"देवळाभोवती सगळीकडे फिरलास?"

"हो, सगळीकडे."

"पन्हळीवरून गेलास?"

"नाही हो, बाई!" प्रल्हाद दचकलाच. "महादेवाची पन्हळ ओलांडतात का कधी?"

"म्हणजे तेवढी जागा राहिली."

"राहिली कशी? आधी या अंगाने तिच्यापर्यंत गेलो. मग मागे फिरून त्या अंगाने तिच्यापर्यंत गेलो. महादेवाला अशीच घालतात. तुम्हीच नाही का आम्हाला श्रावणात आणायच्या?"

"पाऊल ठेवलंस पन्हळीवर?"

"नाही."

"मग पूर्ण कशी म्हणतोस?"

"कारण दोन्हीकडून तिथेच तर पोचलो..." तो अडखळला. "म्हणजे पोचलो नाही. पण दोन्हीकडून जागा तीच. इकडून गेलो तरी तीच, तिकडून गेलो तरी..."

त्याचं तोंड उघडंच राहिलं.

बाईंनी दोन दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावले. त्यांना घाई नव्हती.

"पन्हळीवर तू केव्हा होतास, प्रल्हाद?"

"कधीच नव्हतो."

"आणि प्रदक्षिणा?"

"पूर्ण." तो कुजबुजल्यासारखा म्हणाला. "बाई... एच शून्य केव्हा झाला?"

"मला काय विचारतोस?"

"कधीच नाही झाला! झालाच नाही तो!"

तो फरशीवर जवळजवळ आडवाच झाला. स्वतःच लिहिलेली शेवटची ओळ त्याने पाहिली. 'एच बरोबर' असं लिहून खडू थांबला होता. बरोबर! त्याला एकदम आठवलं, शाळेत बाई हे असं कधीच लिहू द्यायच्या नाहीत. तिथे बाण काढायचा असायचा, आणि चाळीस पोरांनी एका सुरात म्हणायचं असायचं: एच शून्याकडे जाताना. कुणी 'एच शून्य असताना' म्हणालं की बाई त्याला उभं करायच्या आणि दहा वेळा म्हणायला लावायच्या, जाताना, जाताना, जाताना. पोरं हसायची. बाईंना मराठीचा तास घ्यायची हौस आहे, असं प्रल्हादच म्हणायचा.

पुढे स्वतः शिकवताना त्याने बाण काढून टाकला. दोन ओळींत विकलज बसवायचं तर बाणाला जागा कुठली? बाणापेक्षा बरोबरचं चिन्ह पटकन होतं. सोळा वर्षं तो पोरांना पन्हळीवरून चालवत होता.

आणि दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीचा पाय तेवढा अडखळला होता.

त्याने बोटानेच 'बरोबर' पुसलं आणि तिथे बाण काढला. मग मोठ्याने वाचलं, शाळेतल्यासारखं.

"एच शून्याकडे जाताना... हे सगळं उणे एक छेद एक्सच्या वर्गाकडे जातं."

"पोचतं?"

"पोचो न पोचो, मला काय करायचंय! कुठे चाललंय ते कळलं ना!"

"एच उणे घेतलास तर?"

"त्या अंगाने. तरी तिथेच."

"मग शेवटी एचच्या जागी शून्य मांडतोस ते?"

तो विचारात पडला. पण आता विचाराची भीती वाटत नव्हती.

"ते एच शून्य झाला म्हणून नाही. मधली अडचण खोडून झाली, वाट मोकळी झाली. आता वाट कुठे जाते ते शून्याच्या जागेवरून नुसतं दिसतं, म्हणून."

"हं."

"आणि मघाशी पहिल्या ओळीत मांडला तेव्हा दिसत नव्हतं. सगळं झाकलेलं होतं. शून्य छेद शून्य."

"हं," बाई पुन्हा म्हणाल्या. या खेपेच्या 'हं'मध्ये थोडा गूळ होता.

प्रल्हादचा जीव भांड्यात पडला. तीन आठवडे छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं आणि त्याने पोट भरून श्वास घेतला. त्याला हसू आलं, आधी थोडं, मग खूप. काखेत कळसा आणि गावाला वळसा! डोकं रडत होतं आणि पाय आपले लहानपणापासून उत्तर चालून दाखवत होते. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने खडूच्या हातानेच पुसलं. कपाळावर आणि गालावर पांढरे पट्टे उमटले.

"हे तुम्ही आम्हाला तेव्हाच का नाही सांगितलं, बाई?"

"कुणी विचारलं नाही."

"एकानेही?"

"तू तर घंटेच्या आधी पेपर देऊन निघून जायचास. तुला विचारायला वेळ कुठला?"

त्याचं हसू ओसरलं, पण पूर्वीची ती भीती परत आली नाही. आलं ते दुसरंच काहीतरी, जास्त साधं.

"तिने विचारलं," तो म्हणाला.

"हं."

"आणि मी तिला..."

"तू तिचं काय केलंस?"

प्रल्हादने फरशीवरच्या पहिल्या ओळीकडे पाहिलं.

"शून्य मांडलं."

"कितव्या ओळीत?"

"पहिल्याच."

बाईंनी वाटी त्याच्यापुढे सरकवली. त्याने दोन दाणे घेतले. कच्चे, गोडसर, ओलसर दाणे. लहानपणी गणित सुटलं की बाई असेच काहीतरी द्यायच्या. कधी चिंच, कधी शेंगा. बक्षीस म्हणायच्या नाहीत, 'तोंडात टाक' म्हणायच्या.

मग प्रल्हादने अर्ज उलगडला, मांडीवर ठेवला आणि खिशातलं पेन काढलं. अभिप्रायाच्या चौकटीत सगळे शिक्षक दोनच शब्द लिहितात, 'हरकत नाही'. चौकटही तेवढीच लहान असते. प्रल्हादने अक्षर बारीक केलं आणि लिहिलं: 'विद्यार्थिनीचा प्रश्न बरोबर होता. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तिची थट्टा केली. उत्तर मला आज कळलं.' खाली सही केली.

गणित सुटल्यावर खाली दोन रेघा ओढतात ना, तसं वाटलं.

बाईंनी अर्ज वाचायला मागितला. वाचला.

"हे प्राचार्य वाचतील."

"वाचू दे."

"परवानगीची चौकट रिकामी आहे."

"ती तिच्यावर. उत्तर ऐकून झाल्यावरही भूगोलच हवा म्हणाली तर तिथल्या तिथे सही करेन. भूगोल काही वाईट नाही."

"वाईट कसा असेल? नदी तिथेच शिकवतात," बाई म्हणाल्या आणि फडकं उचललं.

"पुसू नका, बाई! थांबा जरा!"

त्याने अर्जाची घडी खिशात ठेवली आणि पिशवीतून वही काढून फरशीवरचं गणित तिच्यात उतरवून घेऊ लागला. ओळ न् ओळ. एक्स शून्य नाही, तेही. समान छेद, खोडलेले दोन एच, बाण. बाणाखाली त्याने अक्षरांत लिहिलं: जाताना. किती ओळी झाल्या त्या त्याने मोजल्या नाहीत.

पावणेपाचची एसटी गाठायची तर निघायला हवं होतं. तो पुन्हा वाकून पाया पडला. पायरी उतरला, चपला घातल्या.

"जातो, बाई."

"जातो म्हणू नये."

"येतो, बाई."

"ये."

पण त्याचा पाय निघेना. एक पाय पायरीवर, एक खाली, आला होता तसाच तो उभा राहिला. आता मात्र ऊन पायरीवरून उतरून घाटावर गेलं होतं. गणित सुटलं होतं, एक गोष्ट अजून सुटायची होती.

"तीन आठवडे झाले, बाई. ती वर्गात येते, पण वही उघडत नाही. उद्या मी बोलावलं तर... ती पुन्हा विचारेल का मला काही? येईल का ती परत?"

बाईंनी फडकं पाण्यात बुडवून पिळलं. फरशीवरचं गणित वरून खाली पुसत आणलं. बाणापाशी हात थांबला. तेवढा ठेवून त्यांनी फडकं बाजूला टाकलं.

"ती तिच्या बाजूनं कधीचीच पन्हळीपाशी येऊन थांबली आहे."